छोट्या गटाचा डबा : भरणाऱ्यांसाठी काही सूचना

शाळा जूनच्या मध्यावर उघडते, पण डब्याची मोहीम अक्षय्य तृतीयेलाच हाती घ्यावी. उशीर केला तर सोलापूरच्या नव्या पेठेत फक्त गेल्या वर्षी न खपलेला डबा उरतो आणि तो का खपला नव्हता हे पहिल्याच आठवड्यात कळतं. सूचना देण्याचा माझा अधिकार विचाराल तर आमच्या घरात भाकरीचं खातं आईकडे, भाजीचं बायकोकडे आणि झाकण लावण्याचं माझ्याकडे आहे. तेव्हा पुढचा मजकूर प्रशासकीय अनुभवातून आला आहे असं समजावं.

डबा घेताना दुकानदार आधी चित्र दाखवतो, मग कप्पे दाखवतो आणि शेवटी किंमत सांगतो. आपण क्लिप बघावी. तीन वर्षांच्या मुलाला ती एका हाताने, तीही ओल्या बोटांनी उघडता आली पाहिजे. वर्गात डबे पंचवीस-तीस आणि मावशी एक. मावशींचा हात आपल्या डब्यापर्यंत पोचेस्तोवर सुट्टी संपते आणि डबा जसा गेला तसा घरी येतो. मग घरी चर्चा सुरू होते ती भाजीच्या चवीवर. म्हणून मे महिन्यात रोज दुपारी घरच्या घरी डबा उघडण्याचा सराव घ्यावा. वडिलांनीही घ्यावा. एअरटाइट म्हणून मिळणारे काही डबे चिमटा किंवा चमच्याची दांडी घातल्याशिवाय उघडत नाहीत. नॅपकिनबद्दल वेगळं सांगायला नको, टॉवेलांच्या गावात राहून कुणी नॅपकिन विकत आणत असेल तर त्याने आधी शेजारी विचारावं. नाव मात्र डब्यावर, झाकणावर, बाटलीवर आणि बाटलीच्या टोपणावर वेगवेगळं घालावं. वर्गातल्या निम्म्या डब्यांवर तोच शिंगवाला घोडा असतो.

आता मूळ प्रश्न: डबा कुणासाठी भरायचा? इथे नवखे पालक हमखास चुकतात आणि 'मुलासाठी' असं उत्तर देतात. डब्याचे वाचक क्रमाने असे आहेत. वर्गशिक्षिका, मावशी, पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या आया, दोन्हीकडच्या आज्या आणि व्हिडिओ कॉलवरची पुण्याची आत्या. मूल सगळ्यात शेवटी येतं, आणि तेही आलंच पाहिजे असं नाही. एवढं ध्यानात ठेवलं की डब्यात पोळीचा मासा का, काकडीला डोळे का आणि गाजराचं फूल का, हे आपोआप उलगडतं. हा सगळा मजकूर मोठ्यांना उद्देशून आहे. मूल माशाचं डोकं खाऊन बाकीचा मासा परत पाठवतं.

प्रमाण ठरवताना दोन शास्त्रं एकमेकांसमोर उभी राहतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा 2020 चा हिशेब सांगतो की एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसभरात साधारण 1010 किलोकॅलरी लागतात आणि चार ते सहा वर्षांच्या मुलाला 1360. म्हणजे सकाळी घरून दूध आणि उपमा खाऊन निघालेल्या, बाराला घरी जेवायला येणाऱ्या मुलाला दहाच्या सुट्टीत एक छोटी पोळी, चमचाभर भाजी आणि फळाची एक फोड पुष्कळ झाली. दुसरं शास्त्र आजीचं. त्यात किलोकॅलरी नसते, 'आधार' असतो. "एवढ्यानं लेकराच्या पोटाला काय आधार गं?" असं म्हणत आजी तिसरी पोळी दुमडते आणि झाकण लावणाऱ्याकडे सोपवते. झाकण लागत नाही. अशा वेळी झाकण लावणाऱ्याने वादात न पडता एक पोळी उभ्या उभ्या खाऊन टाकावी. पालकांचं वजन शाळेच्या पहिल्या सहामाहीत का वाढतं, त्याचं एक कारण इथे सापडेल.

शाळेचं वेळापत्रक फ्रिजवर लावावं. सोमवारी पोळीभाजी, मंगळवारी पोहे, बुधवारी इडली असं ते निमूट चाललेलं असतं, आणि मध्येच रंगांचे दिवस उगवतात. हिरव्या दिवशी पालकाच्या पुऱ्या, पिवळ्या दिवशी ढोकळा, लाल दिवशी बीट. बीटाने युनिफॉर्मही त्या दिवसाच्या नियमात बसतो. यावर्षी पांढरा दिवस आला तेव्हा ग्रुपवर फोटोंची रांग लागली. ब्रेडचे त्रिकोण, पांढरा सॉस घातलेला पास्ता, मेयोनीज लावलेलं आणखी काहीतरी. सगळं मैद्याचं. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, याहून पांढरं या जिल्ह्यात पिढ्यान् पिढ्या दुसरं काही शिजलं नसेल. पण भाकरी त्या दिवशी सगळ्यांच्या घरी राहिली. आमच्याही.

ही भानगड जरा थांबून बघण्यासारखी आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं म्हणून जाहीर केलं. मोठ्या शहरांतल्या हॉटेलांत ज्वारीचा पदार्थ वेगळ्या पानावर, वेगळ्या किमतीला मिळू लागला. आणि सोलापुरात, जिथे पाहुणा आला की पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी घालून दिल्याशिवाय त्याला गाडीत बसू देत नाहीत, तिथे पोराच्या डब्यात भाकरी दिसली तर लोक काय म्हणतील म्हणून आपण मैद्याला शरण जातो. भाकरी म्हणजे शेतावरचं, गिरणीतलं, घाम गाळणाऱ्याचं खाणं, आणि आपलं लेकरू तर इंग्रजी माध्यमात. हे कुणी बोलून दाखवत नाही, डब्याच्या झाकणाखाली ठेवतं.

तरीही ज्यांना धाडस करायचं असेल त्यांच्यासाठी तंत्र देतो. भाकरी थंड झाली की चिवट होते ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय उकडीचा. पाण्याला उकळी आणून त्यात चिमूट मीठ आणि पीठ घालावं, झाकून वाफ जिरू द्यावी आणि कोमट असताना खूप मळावं. या पिठाची भाकरी लाटताही येते आणि दहा वाजेपर्यंत मऊ राहते. वाटीने गोल कापून घेतली की तिला भाकरी म्हणायची सक्ती नाही. त्याहून सोपे धपाटे: ज्वारीत थोडं बेसन, थोडी कणीक, किसलेली काकडी, तीळ, ओवा, हळद आणि भिजवायला दही. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाकावेत. तिखट बेताने, कारण घरातला 'बेताने' आणि तीन वर्षांच्या जिभेचा 'बेताने' यात बरंच अंतर आहे. चुरमुऱ्यांची सुशीलाही चालते, पण चुरमुरे डब्यात दीड तासात ओले होऊन एकमेकांना धरून बसतात. ती रविवारी घरी करावी.

शेंगदाण्याशिवाय सोलापूरच्या डब्यावर लिहिणं म्हणजे पाणी न घालता आमटी करणं. भाजलेले दाणे, लसूण, जिरं, मीठ, तिखट, आणि तेल सुटेपर्यंत उखळात कुटायचं. कुटणाऱ्याच्या हाताला तेल लागलं की झालं. लहानांसाठी तिखट जवळजवळ वगळावं आणि वर तूप किंवा दही घालावं. दोन इशारे मात्र गंभीरपणे. एक, अख्खा दाणा आणि अख्खं द्राक्ष या वयात डब्यात घालू नये, घशात अडकतं. दाण्याचं कूट आणि द्राक्षाचे उभे काप चालतात. दोन, वर्गात एखाद्या मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल आणि शाळेने सांगितलं असेल, तर सोलापूरपणा बाजूला ठेवून चटणी घरीच ठेवावी. नुसतं परदेशी शाळांचं पाहून काढलेलं परिपत्रक असेल तर पालकसभेत एवढं सांगावं की 2015 साली लंडनच्या संशोधकांनी एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. अ‍ॅलर्जीचा धोका जास्त असलेल्या तान्ह्या मुलांना चार ते अकरा महिन्यांच्या वयापासून शेंगदाण्याचे मऊ पदार्थ दिले, तर पाच वर्षांपर्यंत त्यांच्यात ही अ‍ॅलर्जी कितीतरी कमी आढळली. इथल्या आज्यांनी वरणभातात कूट कालवताना असला कोणताही अभ्यास वाचला नव्हता. त्यांना नुसती चव आवडत होती.

आता न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी 68.9 टक्के मुलांत रक्त कमी आढळलं. यात पोळीचा मासा कापणारी घरं नसतील असं समजू नये. मटकीच्या उसळीवर लिंबू पिळलं की त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते, आणि जेवणाबरोबर चहा दिला की ती मदत वाया जाते. सोलापुरात लेकराला बशीतून चहा पाजणं हे प्रेमाचं लक्षण आहे. प्रेम दुसऱ्या मार्गाने व्यक्त करता येतं का, हे घरच्या ज्येष्ठांशी बोलून ठरवावं. मी बोललो नाही, बायकोला बोलायला सांगितलं.

उन्हाबद्दल थोडक्यात. मार्च उजाडला की दहीभात सकाळी भरायचा आणि दहाला आंबट खायचा. पनीर, चिरलेलं कलिंगड, ओल्या खोबऱ्याची चटणी या महिन्यांत सुट्टीवर पाठवावी. डाळिंब आपलंच, त्यालाही मानांकन आहे, पण पांढऱ्या शर्टाला ते माहीत नसतं.

पाकिटांबद्दल सरकारने 2020 मध्ये नियम केला. जास्त चरबी, मीठ आणि साखर असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत विकायचे नाहीत. नियम उत्तम आहे. त्यात फक्त दुकानापासून फाटकापर्यंतचं अंतर मोजलं जातं. पाकीट घरूनच डब्याच्या दुसऱ्या कप्प्यात आलं तर टेप लावायला जागा उरत नाही. सकाळी साडेसातला भाजी करपली, दूध उतू गेलं, रिक्षावाले काका खाली हॉर्न वाजवतायत, अशा वेळी कुरकुरीत पिवळं काहीतरी दोन मूठ डब्यात पडतं. याबद्दल कुणी कुणाला नावं ठेवू नयेत. ग्रुपवर फोटो मात्र टाकू नये.

याच वेळी मागच्या गल्लीतल्या अंगणवाडीत काय चाललेलं असतं? 2 ऑक्टोबर 1975 ला देशात सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेच्या नियमाप्रमाणे तीन ते सहा वर्षांच्या मुलाला तिथे रोज ठरलेल्या प्रमाणात किलोकॅलरी आणि प्रथिनं मिळायची असतात. खिचडी, उसळ, असंच काहीतरी गरम. अंगणवाडी ही कल्पना मराठी मुलुखात ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर रुजवली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची. आजही तिथे सगळ्यांच्या ताटात एकच पदार्थ, मांडी घालून, एका ओळीत. कुणाच्या काकडीला डोळे नसतात. मोबाइल तिथेही असतो, पण सेविकाताई त्यात पोषण ट्रॅकर अ‍ॅपवर हजेरी आणि वजनं भरत असतात. खिचडी रोज चांगली असते असा माझा दावा नाही. पण शेजारचं लेकरू खातंय म्हणून आपणही खायचं, हे तिथे न शिकवता घडतं आणि आमच्याकडे त्यासाठी मानसोपचाराचे व्हिडिओ बघावे लागतात.

राहता राहिलं परत आलेल्या डब्याचं वाचन. हे कौशल्य वर्षभरात येतं. पोळी मधोमध कुरतडलेली असेल तर भाजी तिखट होती. कडा खाल्लेल्या असतील तर भाजी बघितलीसुद्धा नाही. डबा लखलखीत रिकामा असेल तर आनंद आवरावा आणि दप्तराचा बाहेरचा कप्पा तपासावा. आमच्याकडे एकदा पालकाच्या पुऱ्या गेल्या आणि डब्यात मोहरीचे दाणे, कढीपत्त्याचं एक पान आणि चिंचेचा वास परत आला. पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात. वर्गात अर्ध्या मुलांच्या घरी तेलुगू बोलतात. त्यांचे पणजोबा हातमागावर बसायला या गावात आले आणि पणतू आता चटईवर बसून आमच्या पालकाच्या पुऱ्या खात होता. कानडी घरातल्या एका मुलीच्या डब्यातली शेंगापोळी तर, ऐकिवात आहे, पाच तुकड्यांत गेली. शाळेच्या नियमात डब्यांची अदलाबदल बसत नाही. फ्रिजवरच्या वेळापत्रकापेक्षा या चोरट्या देवघेवीत पोषण जास्त होतं असं माझं मत आहे, पण मत देण्याचं खातं माझ्याकडे नाही.

म्हणून घरी आल्यावर "डबा संपवलास का?" असं विचारू नये. त्याचं उत्तर नेहमी "हो" असतं. "आज कुणी काय आणलं होतं?" असं विचारावं. मग तपशील बदाबदा पडतात. कालच्या चौकशीत असं निष्पन्न झालं की खिडकीजवळच्या मुलाने डब्यात कडक भाकरी आणली होती, ती 'मोठं बिस्कीट' म्हणून चार जणांनी मोडून खाल्ली आणि आमच्या चिरंजीवांना उद्या तेच हवं आहे. आईने त्यावर माझ्याकडे आणि बायकोकडे आळीपाळीने बघितलं. बायको म्हणाली, त्या मुलाच्या आईला विचारा, भाकऱ्या घरी करतात की कुठल्या बचत गटाकडून आणतात. नंबर ग्रुपवर आहे, पण भाकरीचं ग्रुपवर कसं विचारायचं, म्हणून उद्या सकाळी फाटकापाशी उभं राहून विचारायचं काम माझ्या खात्यात वर्ग झालं आहे.