नारळ फुटला, होडी फुगायची होती
पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद. या काळात होड्यांची डागडुजी होते, निदान रंगरंगोटी तरी. आमच्या खाडीतल्या एका हौशी मालकाने जुन्या लाकडी होडीला निळा रंग, मुलीचं नाव, लिंबू-मिरची असं सगळं लावलं. नारळ फुटला, दोरी ओढली, इंजिन खोकलं आणि तळाशी पाणी चढू लागलं. शेडात पडून सुकलेल्या फळ्या आखडतात. दोनेक दिवस पाण्यात भिजल्या की फुगून फटी मिटतात. काठावरच्या म्हाताऱ्या तांडेलाला हे ठाऊक होतं, पण त्याला विचारतो कोण? निमंत्रण आमदारसाहेबांना होतं. ते कडक इस्त्रीत, लाइफ जॅकेटशिवाय, नाळेपाशी हात हलवत बसलेले. पाणी उपसायला डबा शोधला. सापडला तो पेढ्यांचा, तोही अजून वाटायचा होता.