वासाचा साबण

झूमवर चेहरा जातो, आवाज जातो, स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टीसुद्धा जाते; वास तेवढा जात नाही. घरून काम सुरू झाल्यावर फ्रीमाँटमधल्या माझ्या ओळखीच्या बहुतेक मराठी पुरुषांनी यावरून दाढी ऐच्छिक ठरवली. मी नेमका उलटा निघालो. आपला वास कुणालाच येणार नसेल, तर तो आपल्याला हवा तसा ठेवायला कुणाची हरकत? परिणामी बाथरूमच्या कपाटात दाढीचे साबण एवढे झाले आहेत की बायकोची क्रीमं आता निर्वासितांसारखी खिडकीत राहतात.

या साबणांच्या डब्यांवरचं वर्णन वाचावं तर कालिदासाने जाहिरात कंपनीत नोकरी धरली असावी असं वाटतं. पण आमच्या घरचं नाक मराठी आहे, त्याच्यापुढे असलं काव्य टिकत नाही. इटलीच्या प्रोरासोचा हिरवा साबण म्हणजे निलगिरी आणि मेंथॉल. मी तो घोटायला घेतला की बाहेरून आवाज येतो, "अरे, सर्दी झालीय का? वाफ घेतोयस?" मिलानच्या चेल्लाला बदामाचा वास. त्या दिवशी मुलगा शिऱ्याच्या आशेने खाली येतो आणि ओट्यावर कोरडं सीरिअल पाहून बापावरचा विश्वास गमावतो. तुर्कस्तानच्या आर्कोला लिंबाचा वास आहे. "भांडी घासलीस वाटतं," असं बायको इतक्या आनंदाने म्हणाली की खरं सांगायचा धीर झाला नाही.

सगळ्यांत मोठा घोटाळा बे रमचा. कॅरिबियन बेटांवरच्या एका झाडाची पानं रममध्ये मुरवून हा वास करायची जुनी रीत. माझ्या डोळ्यांसमोर समुद्र, नारळाची झाडं, झुलती खाट. बायको म्हणाली, "मसालेभात कुणी टाकलाय?" तिचं काही चुकत नाही. लवंगेतलं युजेनॉल त्या पानांतही भरपूर असतं.

आई सहा महिन्यांसाठी राहायला आली होती, तेव्हा चंदनाच्या साबणाने तिची श्रद्धाच हलवली. सकाळी सातला बाथरूमच्या दाराखालून चंदन दरवळलं की ती जाता जाता हात जोडायची. सांगलीत मोती साबण दिवाळीच्या पहाटे एकदाच निघतो; इथे लेकाचं रोजच अभ्यंग चाललंय म्हणून तिला कौतुक वाटावं की काळजी, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. डबा हातात घेऊन तिने एकच प्रश्न विचारला, "यात चरबी नाही ना?" प्रश्न अगदी रास्त. दाढीच्या पुष्कळ जुन्या नामांकित साबणांत टॅलो असतं, म्हणजे गाईगुरांची चरबी, आणि जाणकार त्याच्या गुळगुळीतपणाची तोंड भरून स्तुती करतात. आपल्याकडे काडतुसांवरून १८५७ साली काय झालं ते आठवून मी घटक वाचूनच साबण घेतो. शिवाय आपल्या गोदरेजने शंभर वर्षांपूर्वी वनस्पती तेलांचा साबण करून दाखवलाय, तेव्हा चरबीवाचून अडतं ही सबब चालायची नाही.

अडतं ते पाण्यावाचून. फ्रीमाँट म्हणजे सेंटरव्हिल, नाइल्स, अर्विंग्टन, मिशन सॅन होजे आणि वॉर्म स्प्रिंग्ज या पाच गावांचं १९५६ मध्ये वळलेलं कडबोळं, आणि नळाचं पाणीही असंच मिश्र. काही सिएरा नेवाडातल्या बर्फाचं मऊ, तर काही इथल्याच जमिनीखालचं जड. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संधान बांधतं, फेस बसतो आणि वाटीत साका उरतो. मग ब्रश थोडा जास्त वेळ घोटायचा, पाणी थेंबाथेंबाने घालायचं. घाई केलेल्याला साबण माफ करत नाही, आणि ८८० हायवेच्या या मुलखात घाई न करता होणारं माझ्या दिवसातलं हे एकमेव काम आहे.

याच गावातल्या नाइल्समध्ये १९१५ साली चार्ली चॅप्लिनने 'द ट्रॅम्प' चित्रित केला. पुढे १९४० च्या 'द ग्रेट डिक्टेटर'मध्ये तो न्हावी होऊन ब्राम्सच्या पाचव्या हंगेरियन नृत्यावर एका गिऱ्हाइकाची दाढी करतो. प्रसंग जरूर पाहावा, अनुकरण करू नये. ते संगीत मध्येच अचानक धावत सुटतं, आणि गिऱ्हाईक आपणच असतो.

साबणाचा मला आवडणारा गुण म्हणजे त्याचा सभ्यपणा. दाढी झाली, तोंड धुतलं, की तो मुकाट निघून जातो. आफ्टरशेव्हचं तसं नाही. अंगावर अर्धी बाटली ओतून लिफ्टमध्ये शिरणारे लोक पाहिले की वाटतं, यांनी वास लावलेला नाही, वासाने यांना कामाला लावलंय.

आई आता सांगलीला परतली आहे, पण पंचांग फोनवरून चालू असतं. "आज शनिवार, दाढी करू नकोस," असा फोन येतो तेव्हा इथे शुक्रवारची संध्याकाळ असते. आमचा शनिवार उजाडतो तोवर तिकडे रात्र झालेली असते. असे दोन्हीकडचे शनिवार पाळायचे तर जवळजवळ दीड दिवस खुंट वाढवावे लागतील. मी मध्यम मार्ग काढला आहे. शनिवारी सकाळी साबण घोटायचा, गालभर फेस लावायचा, पाच मिनिटं चंदनात उभं राहायचं आणि पातं न फिरवता तोंड धुऊन टाकायचं.

"मग दाढी कधी करणार?" बायको विचारते.

"उद्या. बे रमने."

"बरं," ती म्हणते, "म्हणजे कोशिंबीर करून ठेवते."