नारळ वाजवून, व्हील तसंच

लेथ आली, ड्रिल आलं, की घरगुती वर्कशॉपवाल्याला सरफेस ग्राइंडरचे डोहाळे लागतात. मग भोसरीपासून कोल्हापूरच्या उद्यमनगरापर्यंत जुन्या मशिनची चौकशी होते. ताजा रंग आणि चकचकीत डायल पाहून गिऱ्हाईक खूश. टेबलाखालच्या गाइडवेज मधोमध झिजल्यात का, हे बघायला वाकणार कोण?

सात-आठशे किलोंचं धूड टेम्पोतून उतरल्यावर कळतं, मोटर थ्री फेजची आणि घरात सिंगल फेज.

पुढे ग्राइंडिंग व्हील. बसवण्याआधी ते टांगून स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच ठोकायचं. खणखणीत वाजलं तर ठीक; बद्द वाजलं तर तडा, सरळ फेकायचं. बाजारात नारळ तीनदा वाजवून घेणारा हाच गृहस्थ व्हील मात्र थेट स्पिंडलवर चढवतो, वर गार्डही काढून ठेवतो. ‘नीट दिसत नाही’ म्हणे!

पहिला जॉब हौसेने पितळेचा. जॉब धरून ठेवणाऱ्या मॅग्नेटिक चकला पितळेचं काहीच सोयरसुतक नाही; व्हील टेकताच जॉब भिंतीवर.

लोखंडाचाही काप एका वेळी 0.01 मिलिमीटरच्या आसपास. अर्धा मिलिमीटर उतरवायचा तर टेबलाचं चाक हाताने फिरवत पन्नास काप.