वहाणेच्या वर

‘अल्ट्राक्रेपिडेरियन’ हे इंग्रजी विशेषण औषधाच्या बाटलीवर शोभावं असं आहे, पण त्याचा अर्थ आम्हा ललितलेखकांच्या धंद्याचाच: न कळणाऱ्या विषयावर ठासून मत देणारा. आम्ही ते नावापुढे लावायला हरकत नाही. चार लोक तरी पदवी समजतील. मूळ गोष्ट रोमन लेखक थोरल्या प्लिनीची. ग्रीक चित्रकार अपेलीस चित्र लोकांसमोर मांडून मागे लपायचा आणि शेरे ऐकायचा. एका चर्मकाराने चित्रातल्या वहाणेला एक कडी कमी असल्याचं दाखवलं. चूक सुधारली गेली, तसा गडी फुशारला आणि पायावर बोलू लागला. अपेलीस रागाने डोकावला: चर्मकाराने वहाणेच्या वर बोलू नये! लॅटिनमध्ये ‘क्रेपिडा’ म्हणजे वहाण, ‘अल्ट्रा’ म्हणजे पलीकडे. आधी एवढ्या मोठ्या चित्रकाराने चर्मकाराचं ऐकलं होतं. त्या गुणासाठी मात्र कुणी विशेषण घडवलं नाही.

इंग्रजीत हा शब्द निबंधकार विल्यम हॅझलिटने 1819 साली ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’चा संपादक विल्यम गिफर्डवर फेकला. नेम अचूक होता, कारण अनाथ गिफर्ड पोरवयात चांभारकामाला उमेदवार होता. कागदाला पैसे नाहीत, म्हणून हा मुलगा कातड्याचे तुकडे ठोकून गुळगुळीत करायचा आणि बोथट आरीने त्यांवर बीजगणित सोडवायचा. (शब्द राहू द्या बाजूला, आम्हाला कोऱ्या वह्या मिळूनही बीजगणित आलं नाही.) पुढे तो ऑक्सफर्डला गेला. संपादक म्हणून तो खुनशी होता, सत्ताधाऱ्यांचा होता, हॅझलिटच्या पुस्तकांची त्याच्या त्रैमासिकाने सालटी काढली होती, हे सगळं कबूल. पण खुद्द हॅझलिट चित्रकलेवर, नाटकांवर, राजकारणावर, पुढे मुष्टियुद्धावरही लिहिता झाला. त्याला पायरी कुणी दाखवली? जात नसलेल्या देशातही टोमणा बरोबर जन्माच्या कामावर जाऊन बसतो, आणि इथे मला हसू येईनासं होतं.

कुणी म्हणेल, मग शस्त्रक्रिया काय वाटेल त्याने करायची? छे, ज्याला येते त्यानेच. पण येतं की नाही ते काम बघून ठरवावं, दुकानावरची पाटी बघून नव्हे. चर्मकार पायाबद्दल नेमकं काय म्हणाला, ते बरोबर होतं की चूक, हे प्लिनी सांगतच नाही. दिवसभर माणसांचे पाय हाताळणाऱ्याला पोटरी कळत नव्हती, हे कशावरून?