‘नंतर बसून बोलू’ म्हणणाऱ्या अण्णांस

तीर्थस्वरूप अण्णा,


परवाची ग्रामसभा नेहमीप्रमाणे शांततेत पार पडली, याबद्दल प्रथम आपलं अभिनंदन. इतकी शांतता गावात दहाव्यालाही नसते; तिथे निदान कावळा का शिवत नाही यावर चार जण चार मतं देतात.

विषय पाण्याचा होता. वरच्या आळीतली एक सून उठली आणि तिने विचारलं, नव्या टाकीवर एवढा खर्च पडला, मग आमच्या नळाला दिवसाआड अर्धाच तास पाणी का? साधा प्रश्न. उत्तर ग्रामसेवकांच्या फायलीत होतं. (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण जिभेला जुनंच वळण.) ते पान उलटणार, तोच आपण खुर्चीतूनच हात वर केलात: ‘पोरी, बस खाली. हे नंतर बसून बोलू.’ ती बसली. मागचे दोघं उठायच्या बेतात होते, ते चपला शोधायला लागले. विषय सर्वानुमते मंजूर.

हे ‘नंतर’ कधी येतं, अण्णा? आणि बसायचं कुठे? तुमच्या ओसरीवर? तिथे येऊन पाहिलंय आम्ही. तिथे तुम्ही बोलता आणि बाकीचे हुंकार देतात. ती सून तर ओसरीच्या पायरीपर्यंतही येणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणूनच तर ओसरी.

कायद्यानेही तुमची बरीच काळजी घेतली आहे म्हणा. गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांतला कमी असेल तो आकडा पुरतो. तेवढेही आले नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही! म्हणजे गाव जितकं घरी बसेल तितकं कामकाज सुरळीत. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. आपल्याकडे ती वहीतच भरते आणि वहीच सह्यांसाठी दारोदार फिरते. एवढं सगळं जमवून संध्याकाळी पारावर आपणच हळहळता, ‘लोकांना गावाचं काही पडलेलं नाही.’

पडलेलं नाही? सकाळी दूध डेअरीवर जाऊन उभे राहा. कुठली गटार कुणाच्या दारात संपते, कुठल्या रस्त्याची खडी कुणाच्या अंगणात पडली, सगळं निघतं, तेही रकमेसकट. सलूनमध्ये तर पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीवर दाढी अर्धी टाकून वाद होतात. आमचं गाव मुकं नाही. जिथे बोलून काही बदलतं तिथे मात्र गप्प बसायचं, एवढंच त्याला आपण शिकवलंत.

आपलं आवडतं वाक्य, ‘गावात एकी पाहिजे.’ एकीच हवी असेल तर गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गाव आहे. तिथेही निर्णय सर्वसहमतीनेच होतात. फरक एवढाच, की तिथे एकाचा जरी विरोध असला तरी निर्णय थांबतो आणि पुन्हा बोलणं सुरू होतं. शिवाय तिथे अभ्यासगट आहेत: निर्णय न घेता विषय नुसता समजून घ्यायचा, माहिती जमवायची, वाटलं तर बाहेरच्या जाणकारालाही बोलवायचं. निर्णय मात्र ग्रामसभेतच. त्या गावाने अशी वर्षानुवर्षं चर्चा केली आणि 2009 मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती दिले. आपल्याकडे कोण येतं? टँकर. तोही आपल्या फोनवर, म्हणून तर आपला फोन गावात एवढा मोलाचा.

तेव्हा काही मागण्या. आपण त्या फेटाळाल, पण निदान सभेत फेटाळा. विषयपत्रिकेसोबत खर्चाचे आकडेही फळ्यावर लावा, आठ दिवस आधी. सभेची सुरुवात मागच्या वेळी विचारलेल्या प्रश्नांच्या उत्तरांनी करा. प्रश्न आणि विचारणारीचं नाव दोन्ही इतिवृत्तात लिहा. सभा बायकांना जमेल अशा वेळी ठेवा, भरदुपारी लावणीच्या दिवसांत नको. आणि ही मागणी सगळ्यांत अवघड: आपण सर्वांत शेवटी बोला. आपण आधी बोललात की बाकीच्यांकडे टाळ्यांपलीकडे काही उरत नाही.

हे सगळं जमण्यासारखं नसेल तर दुसरी सोय करतो. आपला गुडघा बरेच दिवस दुखतोय म्हणे. पुढच्या सभेच्याच दिवशी तो तालुक्याला दाखवून यावा. सभा सुट्टीच्या दिवशी असते, डॉक्टर भेटणार नाहीत, असं म्हणाल. तर आदल्या दिवशीच जा, भाच्याकडे मुक्काम करा. जीप आम्ही करून देतो. भाडं वर्गणीतून निघेल आणि त्याचा हिशेब, आपली हरकत नसेल तर, भर सभेत मांडू.

आपला,
चपला शोधणाऱ्यांतला एक