जे आधी होईल ते

भारतीय वायुदलाच्या मेंटेनन्स कमांडचे, म्हणजे विमानांच्या देखभाल-दुरुस्तीचा भार वाहणाऱ्या विभागाचे, मुख्यालय नागपूरच्या वायुसेनानगरात असल्यामुळे, नोकरीच्या शेवटच्या वर्षांत येथे येऊन, मे महिना सोसूनही येथेच घर करणारी जी मंडळी आढळतात, त्यांतील देखभालीचे वेळापत्रक आखणारा निवृत्त वॉरंट ऑफिसर हा प्रकार रामदासपेठेतील गृहनिर्माण संस्थांच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये असा आहे.

त्याच्याविषयीचा मूळ गैरसमज असा की, त्याला दुरुस्ती येते. त्यामुळे लिफ्ट अडकली की शेजारी त्याचेच दार ठोठावतात आणि लिफ्ट सुरू होण्याऐवजी ती गेल्या महिन्यातच का तपासायला हवी होती, याचे सप्रमाण विवेचन ऐकून जिन्याने उतरतात. वास्तविक पाना हाती धरणारे वेगळे आणि तो कधी धरायचा हे ठरवणारे वेगळे. विमानाची सर्व्हिसिंग बिघाडासाठी थांबत नाही. ठरावीक उड्डाण-तास भरणे किंवा ठरावीक महिने उलटणे, यांपैकी जे आधी होईल ते झाले की विमान हँगरमध्ये जाते, आणि ओव्हरहॉलची, म्हणजे संपूर्ण उकलून करायच्या दुरुस्तीची, वेळ आली की मिग-२९ किंवा सुखोई-३० नाशिकजवळच्या ओझरला, ११ बेस रिपेअर डेपोत, रवाना होते. एका स्क्वाड्रनच्या सगळ्याच विमानांचे तास एकदम संपले तर हँगर भरेल आणि आकाश ओस पडेल, म्हणून कोणते जास्त उडवायचे व कोणते राखून ठेवायचे हे ठरवून उरलेल्या तासांची उतरंड लावतात. तिला ‘स्टॅगर’ म्हणतात.

निवृत्तीनंतर विमाने सुटतात, स्टॅगर सुटत नाही. घरातील दोन कूलरांच्या तासांची नोंद वहीत होते आणि बाहेर पंचेचाळीस अंश असताना पाहुण्यांना बैठकीतून उठवून आतल्या खोलीत बसवले जाते, कारण बैठकीतल्या कूलरचे तास भरत आलेले असतात. ‘‘अहो, पंपाला एवढं कळतं का?’’ हा पत्नीचा प्रश्न नोंदीत येत नाही. खस बदलणारा मिस्त्री फोनवर ‘‘येऊनच राहिलो, साहेब’’ म्हणतो, तेव्हा वेळेच्या रकान्यात काय लिहावे, हा मात्र या गृहस्थापुढचा खरा पेच असतो. वायुदलातील एकाही पुस्तिकेने त्यावर मार्गदर्शन केलेले नाही.

रामदासपेठेत इस्पितळांची वाण नसल्याने स्वतःच्या देहाचेही वेळापत्रक त्याला सहज पाळता येते. काय त्रास होतो, असे डॉक्टरांनी विचारल्यास तो ‘‘काही नाही, तारीख आली’’ एवढेच सांगतो. आणि सर्व ठीक आहे, त्रास झाला तरच या, असे सुचवले गेल्यास चिठ्ठी परत पुढे सरकवून, पुढील तपासणीची तारीख घालून तीवर सही करण्याची विनंती करतो.