मसुऱ्याचं पतधोरण

दर दोन महिन्यांनी मुंबईत सहा जण बसतात आणि रेपो दर ठरवतात. तिघे रिझर्व्ह बँकेचे, तिघे बाहेरचे. मतं समसमान पडली तर गव्हर्नरांचं मत निर्णायक. आमच्या कोकणातल्या मसुऱ्यात चहाच्या टपरीवरही सहाच जण बसतात. फक्त इथे निर्णायक मत चहाचे पैसे देणाऱ्याचं.

2025 च्या डिसेंबरातलं पतधोरण दोन्हीकडे गाजलं. 3 तारखेला डॉलरने नव्वदी ओलांडली. 5 तारखेला गव्हर्नर संजय मल्होत्रांनी रेपो दर आणखी पाव टक्क्याने उतरवून 5.25 वर आणला. वर्षभरात सव्वा टक्क्याची कपात. जुलै ते सप्टेंबरचा विकासदर 8.2 टक्के, ऑक्टोबरची महागाई 0.25 टक्के. वाढ जोमात, महागाई कोमात!

टपरीने हे शांतपणे ऐकून घेतलं. मग एकाने पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढून बाकावर ठेवली. "ही खयच्या आकड्यात बसता?" महागाईचा आकडा सरासरी असतो, त्यात तेलही आलं, असं मी समजावलं. "मगे आता सरासरी केसांका लावूची?"

विषय बदलावा म्हणून मी रुपयाकडे वळलो. रुपया घसरत नाही, डॉलर मजबूत होतोय, असं 2022 मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन वॉशिंग्टनमध्ये म्हणाल्या होत्या, ते सांगितलं. "म्हणजे नारळ पडाक नाय, माड वर गेलो?"

या मतावर सहाही जणांचं एकमत होणार होतं, पण एकाने विरोध नोंदवला. त्याचा मुलगा बोटीवर आहे, पगार डॉलरात. अर्थव्यवस्था सावरली आहे, असं त्याचं ठाम मत. आणखी थोडी सावरली तर घराचा वरचा मजलाही होईल.

बाकीचे पाच मुंबईत नोकरी करून गावी परतलेले. कर्ज कुणालाच नाही, ठेवी सगळ्यांच्या. रेपो उतरला की शहरातल्या मुलाचा घराचा हप्ता हलका होतो आणि इथे बापाची मुदत संपलेली ठेव कमी व्याजावर पुन्हा ठेवली जाते. देशाच्या उभारीला हातभार लावणारे हे ज्येष्ठ नागरिक कुठल्याच अहवालात दिसत नाहीत.

यावर टपरीकडे ऐतिहासिक तोडगा आहे: गव्हर्नर कोकणातला हवा. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख कोकणातले, महाडजवळच्या नाते गावचे. 1943 मध्ये खुर्चीवर बसले, 1949 च्या जूनअखेर उतरले. त्याच सप्टेंबरात अवमूल्यन होऊन डॉलर 3 रुपये 30 पैशांवरून 4 रुपये 76 पैशांवर गेला. स्टर्लिंग पडलं म्हणून रुपया पडला, असं अर्थशास्त्र सांगतं. कोकणी माणूस उठला म्हणून पडला, असं टपरी सांगते.

गव्हर्नरसाहेब, आमच्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीखही तुमच्या पुढच्या दरासारखीच आगाऊ कळत नाही. देवीचा कौल झाला की ठरते. सगळ्या पक्षांचे पुढारी येतात, तुम्हीही या. स्वस्त कर्जाबद्दल सत्कार करू, पण ठेवीच्या व्याजाचं गाऱ्हाणं आधी ऐकावं लागेल.